मश्रूम भरलेली रॅव्हिओली आणि पानओव्याचा लोणी-सॉस

घरी केलेली रॅव्हिओली, म्हणजे सारण भरलेला इटालियन पास्ता, बिघडते ती बहुतेक वेळा पाण्यामुळे. सारणात पाणी उरले तर पारी आतून भिजते आणि उकळताना तळाशी फाटते. पारीच्या कडेला पाणी जास्त लागले तर कड चिकटण्याऐवजी घसरते. आणि याउलट, सॉसमध्ये पाणी अजिबात नसले तर लोणी पास्त्याला धरून न राहता ताटलीच्या तळाशी तेलासारखे साचते. ठाणे आणि नवी मुंबई खाडीकाठी वसलेली असल्यामुळे हवेतील दमटपणाही या हिशेबात धरावा लागतो, विशेषतः जून ते सप्टेंबर या काळात. म्हणून पुढील कृतीत मापांइतकेच लक्ष पाणी कुठे काढून टाकायचे आणि कुठे मुद्दाम घालायचे याकडे दिले आहे.

येथील प्रमाण चार माणसांसाठी, म्हणजे साधारण ३६ ते ४० नगांसाठी आहे. पहिल्यांदा करणाऱ्याने सलग अडीच ते तीन तास हाताशी ठेवावेत. सारण आदल्या दिवशी करून फ्रीजमध्ये ठेवता येते आणि तसे करणेच अधिक चांगले, कारण थंड सारण घट्ट होते आणि भरताना पसरत नाही.

मश्रूम निवडताना

सारणासाठी ४०० ग्रॅम बटण मश्रूम, म्हणजे २०० ग्रॅमची दोन पाकिटे लागतात. ठाण्यात जांभळी नाका किंवा गावदेवी परिसरात आणि नवी मुंबईत जवळजवळ प्रत्येक उपनगरातील भाजीवाल्याकडे ती मिळतात. पाकीट घेताना ते उलटे करून पाहावे. टोपीच्या खालची बाजू बंद असेल किंवा आतील पाकळ्या फिकट गुलाबी दिसत असतील तर माल ताजा आहे. त्या काळपट झाल्या असतील तर मश्रूम जुने आहेत. प्लास्टिकच्या आत पाण्याचे थेंब जमलेले पाकीट घेऊ नये. टोपीवरील एखादा तपकिरी डाग चालतो, पण बोटाला बुळबुळीत लागणारी टोपी चालत नाही.

केवळ बटण मश्रूमची चव सौम्य असते. ती गडद करायची असेल तर १० ग्रॅम सुके शिताके मश्रूम घालावेत. ते १०० मिलिलिटर गरम पाण्यात अर्धा तास भिजवावेत, देठ कापून टाकावेत आणि भिजवलेले पाणी मलमलच्या कापडातून गाळून जपून ठेवावे, कारण खरा स्वाद त्या पाण्यात उतरलेला असतो. शिताके मिळाले नाहीत तर १०० ग्रॅम बटण मश्रूमच्या जागी धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मश्रूम, घ्यावी. धिंगरीत धागे जास्त असल्याने सारणाला चांगला चावा येतो.

पावसाळ्यात ठाणे जिल्ह्यातील आदिवासी स्त्रिया रानभाज्यांबरोबर कधी कधी रानअळंबीही विकायला आणतात. पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख असलेल्या हाताने निवडलेली अळंबी ही वेगळी गोष्ट आहे. परंतु येऊरच्या जंगलात फिरायला गेल्यावर दिसलेली अळंबी स्वतः तोडून आणून सारणात घालणे हा जिवाशी खेळ आहे. काही विषारी जातींचे विष शिजवल्यानेही जात नाही, आणि लसूण किंवा चांदीचे नाणे काळे पडले की अळंबी विषारी समजावी, हा समज निव्वळ चुकीचा आहे. या पदार्थासाठी लागवडीचे मश्रूम पुरेसे चांगले आहेत.

सारण

मश्रूमवर माती असेल तर वाहत्या पाण्याखाली झटपट धुऊन लगेच कापडाने कोरडे करावेत; भांड्यात भिजत ठेवू नयेत. त्यानंतर ते सुरीने बारीक चिरावेत, तुकडा साबुदाण्याच्या दाण्याएवढा असावा. मिक्सर वापरायचाच असेल तर पल्सचे बटण तीन-चार वेळा दाबून थांबावे, कारण लगदा झाला की त्यातील पाणी सुटण्याऐवजी धरून राहते आणि सारण चिकट होते.

बटण मश्रूममध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते, त्यामुळे ४०० ग्रॅमचे सारण शिजून दीडशे ग्रॅमच्या आसपास उरले तरच ते खऱ्या अर्थाने आटले असे समजावे. वजनकाटा असेल तर कढई उतरवण्यापूर्वी खरोखर वजन करून पाहावे. रुंद कढईत एक मोठा चमचा तेल तापवून त्यात एक लहान कांदा अगदी बारीक चिरून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत परतावा, मग तीन लसूण पाकळ्या किसून घालाव्यात आणि अर्ध्या मिनिटाने सर्व मश्रूम व अर्धा चमचा मीठ एकदम घालून आच मोठी करावी. मीठ सुरुवातीलाच घालावे, कारण त्यामुळे पाणी लवकर सुटते. दोन-तीन मिनिटांत कढईत इतके पाणी जमेल की मश्रूम उकळत आहेत असे वाटेल. तेथे घाबरून झाकण ठेवू नये किंवा पाणी ओतूनही देऊ नये. ते आटू द्यावे. शिताके वापरले असतील तर तेही चिरून याच वेळी घालावेत आणि त्यांचे गाळलेले पाणीही येथेच ओतावे.

दहा-बारा मिनिटांनी कढईतील खदखद थांबून चुरचुर ऐकू येऊ लागते. हा आवाज बदलला की पाणी संपून मश्रूम तेलावर भाजू लागले असे समजावे, आणि येथून पुढची तीन-चार मिनिटे सारणाची चव ठरवतात. एक मोठा चमचा लोणी, चिमूटभर मिरपूड आणि थाईमची पाने मिळाली असतील तर अर्धा चमचा घालून, तळाला चिकटणारा तपकिरी थर उलथन्याने खरवडत मश्रूम गडद बदामी रंगावर येईपर्यंत परतावे. मग सारण ताटात पसरून पूर्ण गार करावे. गरम सारण डब्यात भरले तर झाकणाखाली वाफ धरते आणि एवढ्या वेळ काढलेले पाणी पुन्हा आत पडते.

इटलीत येथे रिकोटा (मऊ, ताजे चीज) घालतात. ती मिळाली तर १०० ग्रॅम घ्यावी, पण मलमलच्या कापडात बांधून किमान दोन तास निथळत ठेवावी. आपल्याकडे अर्धा लिटर म्हशीचे किंवा पूर्ण सायीचे दूध लिंबाच्या रसाने फाडून, तासभर टांगून, तळहाताने रगडून गुळगुळीत केलेले ताजे पनीर या सारणात रिकोटाइतकेच चांगले बसते, आणि बाजारातील डब्यातल्या रिकोटापेक्षा ते पुष्कळदा अधिक ताजे असते. त्यात ३० ग्रॅम किसलेले कडक चीज आणि थोडेसे जायफळ मिसळावे. शाकाहारी घरांनी येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: अस्सल पार्मिजानो रेज्जानो हे चीज वासराच्या जठरातून मिळणाऱ्या रेनेटने दूध जमवूनच केले जाते. पाकिटावर हिरवी खूण असलेले भारतीय पार्मेझान पद्धतीचे चीज हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

गार मश्रूम, पनीर आणि चीज एकत्र कालवून चव पाहावी. मीठ-मिरी किंचित चढे असले पाहिजे, कारण पारी फिकी असते. शेवटी सारणाची छोटी गोळी कागदी रुमालावर पाच मिनिटे ठेवून उचलावी. गोळीखाली पुसट डाग उमटला तर सारण ठीक आहे. भोवती ओले वर्तुळ पसरले तर ते पुन्हा कढईत कोरडे करावे किंवा त्यात एक-दोन चमचे कोरडा पावाचा चुरा मिसळावा. ही परीक्षा कधीही वगळू नये.

पीठ

उत्तर इटलीतील एमिलिया-रोमान्या भागात, म्हणजे बोलोन्या आणि मोदेना या शहरांच्या परिसरात, भरलेल्या पास्त्यासाठी मऊ गव्हाचे पांढरे पीठ आणि अंडी वापरतात, आणि १०० ग्रॅम पिठाला एक अंडे हा तेथील सर्वमान्य हिशेब आहे. दक्षिण इटलीत मात्र डुरम गव्हाचा बारीक रवा आणि नुसते पाणी वापरण्याची परंपरा आहे. त्यामुळे अंड्याशिवाय केलेला पास्ता म्हणजे तडजोड, असे मानण्याचे कारण नाही.

अंड्यासह करायचे असेल तर १५० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम बारीक रवा, दोन अंडी, एक लहान चमचा तेल आणि चिमूटभर मीठ घ्यावे. आपल्याकडील अंडी लहान-मोठी असतात, म्हणून ती फोडून वजन करावीत. १०० ग्रॅमला जेवढे कमी पडेल तेवढे पाणी घालावे. बिनअंड्याच्या पिठासाठी १२० ग्रॅम मैदा, ८० ग्रॅम रवा, एक चमचा तेल आणि ९५ ते १०५ मिलिलिटर कोमट पाणी लागते. रवा शक्यतो बन्सी असावा, कारण बन्सी हा डुरम जातीचा गहू आहे. तो मिक्सरमधून आणखी बारीक करून घ्यावा. पावसाळ्यात डब्यातील मैदा हवेतील ओल शोषून बसलेला असतो, तेव्हा दोन्ही प्रकारांत शेवटचे दोन चमचे अंडे किंवा पाणी हातचे राखून ठेवावे आणि पीठ खरोखर मागेल तरच घालावे.

पीठ पुरीच्या कणकेपेक्षाही घट्ट असावे. पहिली पाच मिनिटे ते भेगाळलेले आणि हट्टी वाटते, आणि पोळ्यांची सवय असलेला हात नकळत पाण्याकडे जातो, तो आवरावा. दहा मिनिटे तळहाताच्या टाचेने दाबून, दुमडून, वळवून मळले की पीठ गुळगुळीत होते आणि बोटाने दाबलेला खळगा हळूहळू वर येतो. त्यानंतर पीठ घट्ट झाकून किमान ४५ मिनिटे मुरू द्यावे. या वेळात रव्याचे कण पाणी पिऊन फुगतात आणि मळताना ताणलेले ग्लुटेन सैलावते. असे मुरलेले पीठ लाटताना मागे ओढले जात नाही. एप्रिल-मेच्या उकाड्यात अंड्याचे पीठ बाहेर न ठेवता फ्रीजमध्ये ठेवावे आणि लाटण्यापूर्वी पंधरा मिनिटे बाहेर काढावे.

लाटणे आणि भरणे

पिठाचे चार भाग करून एकच बाहेर ठेवावा, बाकीचे ओलसर कापडाखाली ठेवावेत. पास्ता मशीन असेल तर सर्वांत जाड खाच लावून पीठ तीन वेळा दुमडून काढावे आणि मग एकेक खाच कमी करत शेवटून दुसऱ्या खाचेपर्यंत जावे. मशीन नसेल तरी अडून बसण्याचे कारण नाही. पोळपाटाऐवजी ओट्याचा सपाट भाग आणि लांब लाटणे घेतले की काम होते. मधून कडेकडे लाटत, दर काही फेऱ्यांनी पोळी वळवत, ती एक मिलिमीटरपेक्षाही पातळ करावी. पोळी उचलून खिडकीसमोर धरल्यावर पलीकडची बोटे स्पष्ट दिसली पाहिजेत. रॅव्हिओलीच्या कडेला पारी दुहेरी होते, म्हणून येथे राहिलेली जाडी खाताना दुपटीने जाणवते.

लाटताना आणि भरताना पंखा बंद ठेवावा. पंख्याखाली पातळ पोळीची वरची बाजू चार-पाच मिनिटांत सुकते, मग कड चिकटत नाही आणि दुमडल्यावर तडकते. वातानुकूलित खोलीत तर हे आणखी लवकर घडते. उन्हाळ्यात ही शिक्षा वाटते, त्यामुळे तेव्हा हे काम सकाळी लवकर उरकावे. एका वेळी एकच पोळी लाटून ती लगेच भरावी.

सर्वांत सोपा आकार अर्धचंद्राचा. साडेसहा-सात सेंटीमीटर व्यासाची, पातळ कडेची वाटी दाबून गोल पाऱ्या कापाव्यात, प्रत्येकीच्या मध्यावर लहान चमचाभर, म्हणजे सहा-सात ग्रॅम सारण ठेवावे आणि बोट पाण्यात बुडवून झटकून कडेच्या फक्त अर्ध्या भागावर फिरवावे. पारी दुमडल्यावर आधी सारणाला लागून बोटाने दाबावे आणि तेथून बाहेरच्या कडेकडे दाबत जावे, म्हणजे आत अडकलेली हवा निघून जाते. आत राहिलेली हवा उकळत्या पाण्यात फुगते आणि पारी फुटते. फुटण्याचे खापर मात्र लोक सारणावर फोडतात. शेवटी दिवाळीत करंज्यांसाठी काढतो तेच कातण कडेवरून फिरवावे. त्याने कड सुबक कापली जाते आणि आणखी एकदा दाबलीही जाते.

चौकोनी रॅव्हिओली हवी असेल तर लांब पट्टीवर साडेचार-पाच सेंटीमीटर अंतराने सारण ठेवून वर दुसरी पट्टी अंथरावी, प्रत्येक ढिगाभोवतीची हवा काढावी आणि मग कातणाने कापावे. उरलेल्या कडांचे पीठ एकदाच पुन्हा मळून, दहा मिनिटे झाकून, वापरता येते.

तयार नग ताटात ठेवताना खाली जाडसर कोरडा रवा भुरभुरावा. मैदा भुरभुरू नये, कारण दमट हवेत तो ओल धरून चिकट होतो आणि नग ताटाला चिकटतात. नग एकमेकांना लागू देऊ नयेत आणि अर्ध्या तासाने एकदा उलटावेत. दोन-तीन तासांत शिजवायचे नसतील तर ते फ्रीजमध्ये न ठेवता ताटासकट फ्रीजरमध्ये ठेवावेत आणि कडक झाल्यावर पिशवीत भरावेत. फ्रीजमध्ये रात्रभर राहिलेल्या रॅव्हिओलीचा तळ सारणाच्या ओलीने भिजून करडा पडतो. गोठवलेले नग महिनाभर चांगले राहतात. ते वितळू न देता थेट उकळत्या पाण्यात सोडावेत आणि दीड-दोन मिनिटे जास्त शिजवावेत.

पानओवा आणि लोणी

उत्तर इटलीत या पास्त्याला लोणी आणि सेजच्या पानांचा सॉस देतात. सेज ताजे मिळाले तर बारा-पंधरा पाने जरूर घ्यावीत, पण ते मिळाले नाही म्हणून वाळक्या मिश्र हर्ब्जची पुडी फोडू नये. ठाणे-नवी मुंबईतील कितीतरी बाल्कन्यांत तुळशीशेजारच्या कुंडीत पानओवा वाढलेला असतो. ज्याची भजी करतो तोच हा पानओवा सेज आणि थाईमप्रमाणे पुदिन्याच्या कुळातील आहे, आणि थाईम-ओरेगानोला जो स्वाद थायमॉल व कारव्हाक्रॉल या द्रव्यांमुळे येतो, तीच द्रव्ये पानओव्यातही असतात. माझ्या मते मश्रूमशी त्याची जोडी सेजइतकीच जमते. मात्र त्याचे पान मांसल आणि पाणीदार असते, म्हणून ते धुऊन पूर्ण कोरडे करावे, मधली शीर काढावी आणि अगदी बारीक पट्ट्या कापाव्यात. चार माणसांसाठी पाच-सहा मध्यम पाने पुरतात. जास्त घातल्यास इतर कोणतीही चव उरत नाही. तुळस मात्र येथे घालू नये, कारण तिचा लवंगेसारखा उग्र वास मश्रूमवर मात करतो.

लोणी ९० ग्रॅम घ्यावे, शक्यतो बिनमिठाचे. घरचे पांढरे लोणी उत्तम, पण ते ताकाचा अंश जाईपर्यंत थंड पाण्यात दोन-तीन वेळा धुतलेले असावे. विकतचे खारट बटर वापरले तर पास्त्याच्या पाण्यात मीठ कमी करावे. तूप मात्र चालत नाही. सॉसला चव येते ती लोण्यातील दुधाच्या घन अंशामुळे, आणि तूप करताना तोच अंश गाळला जातो.

उकळणे आणि सॉस जमवणे

मोठ्या पातेल्यात चार लिटर पाणी उकळत ठेवावे आणि लिटरला १० ग्रॅम मीठ घालावे. बटर खारट असेल तर ७ ग्रॅम. पाणी उकळेपर्यंत वाढायच्या ताटल्या गरम करून ठेवाव्यात.

सॉससाठी स्टीलचे किंवा फिकट तळाचे रुंद भांडे घ्यावे, कारण काळ्या नॉनस्टिकमध्ये लोण्याचा रंग दिसत नाही. मध्यम आचेवर लोणी वितळले की ते तडतडते. हा त्यातील पाणी उडून जाण्याचा आवाज आहे. तडतड मंदावली की त्यात पानओव्याच्या पट्ट्या किंवा सेजची पाने आणि ठेचलेली एक लसूण पाकळी सोडावी. पुढची पायरी घरी लोणी कढवणाऱ्यांना शिकवावी लागत नाही: तूप होत आल्यावर तळाची बेरी सोनेरी होते आणि घरभर खमंग वास सुटतो, नेमके तेथेच थांबायचे आहे. बेरी तांबूस होऊ देऊ नये. भांडे लगेच आचेवरून उतरवून लसूण काढून टाकावी आणि पास्त्याचे एक-दोन मोठे चमचे गरम पाणी जपून घालावे. ते जोरात उसळते, म्हणून चेहरा दूर ठेवावा. त्यामुळे लोण्याचे भाजणे तेथेच थांबते.

पाणी मंद उकळते ठेवून रॅव्हिओली दोन हप्त्यांत सोडाव्यात. खळखळत्या पाण्यात नग एकमेकांवर आपटून फुटतात. ताजे नग साधारण तीन ते चार मिनिटांत शिजतात, बिनअंड्याच्या रव्याच्या पिठाला मिनिटभर जास्त लागते. वर तरंगणे ही शिजल्याची खूण नव्हे. एक नग काढून दुहेरी कडेचा तुकडा तोडून पाहावा, मध्ये पांढरी कोरडी रेघ दिसली तर आणखी थांबावे. नग झाऱ्याने उचलून थेट सॉसच्या भांड्यात टाकावेत. चाळणीत ओतले तर ते एकमेकांच्या वजनाखाली फाटतात, आणि गार पाण्याखाली धुतले तर सॉस बांधून ठेवणारा स्टार्च वाहून जातो.

सर्व नग भांड्यात आल्यावर ते मंद आचेवर ठेवून पास्त्याचे ६० ते ८० मिलिलिटर पिठूळ पाणी घालावे आणि चमचा न वापरता भांडेच गोलाकार हलवत राहावे. मिनिटभरात लोणी आणि पाणी एकजीव होऊन सायीसारखा दाटसर सॉस प्रत्येक नगाला लपेटतो. तो फुटून तेल सुटू लागले तर आणखी चमचाभर पाणी घालून पुन्हा हलवावे. फार पातळ वाटला तर अर्धा मिनिट जास्त ठेवावा. गॅस बंद करून अर्ध्या लिंबाचा रस, ताजी मिरपूड आणि मूठभर किसलेले चीज घालावे. पार्स्ली वापरायची असेल तर ती याच वेळी चिरून घालावी, कारण आचेवर तिचा ताजेपणा जातो. मलई, चिली फ्लेक्स किंवा वरून आणखी चीज घालण्याचा मोह टाळावा. मश्रूमची भाजलेली चव त्याखाली दबते.

प्रत्येक ताटलीत नऊ-दहा नग आणि वर भांड्यात उरलेला सॉस घालून लगेच वाढावे, कारण पाच मिनिटांत सॉस घट्ट होऊन मेणचट लागतो. सोबत काकडी-टोमॅटोची साधी कोशिंबीर आणि सॉस पुसून घ्यायला पाव पुरेसा आहे. शिजवलेले नग उरले तर ते मायक्रोवेव्हमध्ये गरम न करता दुसऱ्या दिवशी तव्यावर थोड्या लोण्यात दोन्ही बाजूंनी कुरकुरीत परतावेत.